कागदावरचं सुतक

मढीच्या वाटेवर मुक्काम कुठे करावा, हे राजूरकडच्या लोकांनी फक्त मला विचारावं, असा एके काळी माझा दिमाख होता. मी राजूरच्या पोस्टात पोस्टमन. कोणाचं घर कुठे, कोणाच्या अंगणात कुत्रं मोकळं असतं, कोण पाणी विचारतं आणि कोण उंबऱ्यातूनच पाकीट ओढून घेतं, हे मला जितकं ठाऊक तितकं तलाठ्यालाही नसेल. तेव्हा आमच्या कावडीच्या पुढे अर्धा दिवस चालून मुक्काम ठरवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आणि एकदा हाती घेतलेलं काम मी दुसऱ्याला नीट करू देत नाही, हा माझा जुना दोष आहे.

आमची कावड रतनवाडीहून निघते. तिथे डोंगरात प्रवरा उगम पावते. दोन तांब्याच्या कळशा भरायच्या, तोंडाला फडकं बांधायचं, वर कणीक लिंपायची, बांबूच्या दोन टोकांना लावायच्या आणि फाल्गुनात चालू लागायचं. अकोले, संगमनेर, राहुरी, सोनई, घोडेगाव असा जिल्हा आडवा ओलांडून पाडव्याला ते पाणी मढीत कानिफनाथांच्या समाधीवर पडलं पाहिजे. साध्या यात्रेकरूचं काय, पाठ टेकायला जागा मिळाली की त्याचं भागलं. कावडीचं तसं नाही. ती एकदा उचलली की मढीपर्यंत जमिनीला टेकवायची नसते. मुक्कामाला तिला टांगायला भक्कम आढं हवं, नाहीतर माणसांनी पाळीपाळीने उजाडेपर्यंत खांद्यावर धरून उभं राहायचं.

दुसरी एक रीत आहे, तीही सांगून ठेवतो. कावडीला कोणी आडवं जायचं नाही, आणि 'आमच्याकडे चला' असं बोलवायचंही नाही. कावडवाल्यांनी विचारायचं आणि घरवाल्यांनी 'व्हय' म्हणायचं. म्हणून माझ्या कागदाला किंमत. त्यात प्रत्येक गावातल्या घरापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असत: टांगायला जागा, पाणी, सावली. कार्बन घालून मी पाच प्रती काढायचो. एक आमची, चार आमच्या मागून येणाऱ्या कावडींच्या. नवीन कागद करताना जुना समोर ठेवून उतरवायचो. अक्षर माझं मोत्यासारखं, हे मी म्हणत नाही, आमचे पोस्टमास्तर म्हणायचे.

घोडेगावचा बैलबाजार भरतो ते मैदान ओलांडलं की मिरीच्या रस्त्याला एक फाटा फुटतो. त्या फाट्याने अर्ध्या कोसावर गहिनीनाथाची वस्ती. ते घर मीच शोधलं होतं, पासष्ट साली. मी नुसतं पाणी मागितलं, तर आतून गहिनीनाथाची बायको तांब्या घेऊन आली आणि तांब्या हातातच धरून म्हणाली, "तुमी डांगानातले का?" आमच्याकडच्या डोंगरी मुलखाला डांगाण म्हणतात. त्या सपाट, उजाड माळावर हा शब्द मी त्या वाटेत पहिल्यांदाच ऐकला. तिचं नाव चांगुणा. माहेर रतनवाडीच्या अलीकडची एक लहानशी वाडी. आईबाप पटकीत एकाच आठवड्यात गेले, भाऊ नव्हता, घर पावसाने खाल्लं. चुलता घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला म्हणून आला असता त्याने तिचं इथे जमवून टाकलं, पुढे तोही वारला. लग्नानंतर ती एकदाही तिकडे गेली नव्हती. जाऊन उतरायचं कोणाकडे, असं तिने मलाच विचारलं, आणि सगळ्या वाटेवरचे मुक्काम पाठ असलेल्या मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

त्या साली आमची कावड तिच्याकडे उतरली. पुढच्या साली येऊन पाहतो तर गहिनीनाथाने आढ्याला लोहाराकडून लोखंडी कडी बसवून घेतलेली. कावड टांगली की कळशांच्या फडक्यातून पाणी थोडं थोडं झिरपतं. ते जमिनीवर पडू द्यायचं नाही म्हणून खाली परात ठेवतात, आणि परातीत जमेल ते पाणी घरवालीचं. बाकीच्या बाया ते तुळशीला घालतात. चांगुणा ते ओंजळीत घेऊन प्यायची, आणि मग ओला हात तोंडावरून फिरवायची. आम्ही चाळीस माणसं जेवायला बसलो की ती वाढता वाढता विचारायची. वाडीच्या वरच्या अंगाचा हिरडा आहे का पडला? पाण्यावर जायची पायवाट तीच आहे का? अमकीचं लग्न झालं का? आम्ही राजूरचे, तिच्या वाडीतलं आम्हाला काय ठाऊक असणार. पण कोणी ना कोणी ठोकून द्यायचा, आहे बाई, हिरडा आहे. ती खूश व्हायची. मला तेव्हा तिचा थोडा वैतागही यायचा, कारण विचारण्याच्या नादात ती माझ्या पानात भाकरी वाढायला विसरायची.

एकोणसत्तर साली मी नेहमीसारखा पुढे गेलो तर वस्तीवर माणसं बसलेली. तिचा सासरा आदल्या दिवशी गेला होता. सुतकाच्या घरात कावड नेता येत नाही. मी लांबूनच हात जोडले आणि मागे फिरलो. घोडेगावातल्या लंकाबाईंच्या गोठ्यात मुक्काम ठरवला. त्यांचं आढं मजबूत, विहिरीला पाणी, दारात चिंच. कागदावर गहिनीनाथाच्या नावापुढे मी लिहिलं: 'सुतक. येथे थांबू नये.' आणि त्याखाली लंकाबाईंचं नाव.

त्याच पावसाळ्यात टपाल घेऊन जाताना ओढ्यात घसरलो आणि माझा घोटा मोडला. हाड वाकडं जुळलं. पोस्टाने मला आत टेबलावर बसवलं आणि तीन वर्षं माझी मढी चुकली. देवाला न भेटल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर माझ्याशिवाय कावड नीट पोचते, याचं जास्त होतं. मी घरी बसून दर फाल्गुनात कागद तेवढा करून द्यायचो. जुना समोर ठेवायचा, कार्बन घालायचे, उतरवायचं. मोत्यासारख्या अक्षरात.

त्र्याहत्तर साली मी हट्टाने निघालो. बायको म्हणाली, पाय उरेल का? मी म्हणालो, एकदा समाधीवर डोकं टेकवू दे, मग पाय राहिला काय, गेला काय. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. राहुरीच्या पुढे झाडाला पान नव्हतं. बायाबाप्ये रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेले. जिथे जिथे माझ्या कागदावर 'पाणी' असं लिहिलेलं, तिथे तिथे लोक हात जोडून नाही म्हणू लागले. त्यांचा दोष नव्हता. चाळीस माणसांना पाणी पाजायचं म्हणजे घरातल्या गुरांच्या तोंडचं काढायचं.

घोडेगावला मी दुपारी पोचलो. लंकाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला विहिरीपाशी नेलं आणि नुसतं आत बोट दाखवलं. तळाला भेगा पडल्या होत्या. गावात आणखी चार घरं फिरलो, तिथेही तेच. कावड सोनईहून निघालेली, दिवेलागणीपर्यंत येऊन ठेपणार. घोट्यातून कळा येत होत्या. मैदानाच्या कडेला बसून मी कागद उघडला, तर गहिनीनाथाचं नाव दिसलं आणि पुढे माझंच अक्षर: 'सुतक.'

पहिल्यांदा वाटलं, अरेरे, या घरात पुन्हा कोणी गेलं की काय. मग लख्खकन डोक्यात शिरलं. सुतक तेरा दिवसांचं. मी ते चार वर्षं पाळायला लावलं होतं, आणि एका नाही, पाच कावडींना.

वस्तीवर गेलो तेव्हा चांगुणा एकटीच होती. गहिनीनाथ खडीवर गेलेला. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. तिने मला ओळखलं, पण पाण्याचा तांब्या नुसता आणून ठेवला. मी वर पाहिलं. आढ्याची कडी तेलाने चकचकत होती आणि तिला ताजं हळदकुंकू लावलेलं होतं. खाली भिंतीला टेकवलेली परात, राखेने घासलेली. पडवीत दोन रांजण आणि सात-आठ मडकी, सगळी काठोकाठ भरून वर फडकी बांधलेली. सगळ्या गावात पाणी नाही आणि इथे एवढं कुठून, असं मी विचारलं.

ती म्हणाली, दोन कोसांवर सरकारी टँकर येतो, तिथून आठ दिवस आणत होते. दरसाल भरून ठेवते. पाणी असतं तेव्हाही भरते. कावडी घोडेगावात उतरतात, सकाळी फाट्यावरून पुढे जातात, त्या गेल्या की मग हे पाणी वापरायला काढते.

तिने जमिनीकडे बघत विचारलं, "दादा, आमच्या हातून काय चुकलं व्हतं?"

मी काही बोलायच्या आत ती पुढे सांगत गेली. पहिल्या साली तिला वाटलं, सासऱ्याचं वर्ष आहे म्हणून टाळलं असेल. दुसऱ्या साली ती फाट्यावर जाऊन उभी राहिली. बोलवता तर येत नाही, पण आपण दिसलो तर आठवेल कोणाला तरी. आमच्या माणसांनी लांबूनच हात जोडले आणि ते वळले. नंतर शेजारपाजारच्या बायाच म्हणायला लागल्या, पाच पाच कावडी टाळतात म्हणजे त्या घरात काही तरी दोष असणारच. थोरल्या पोरीचं स्थळ त्यावरून एकदा परत गेलं. नवरा म्हणाला, सोड नाद, कडी काढून टाकू. तिने काढू दिली नाही.

"सासरचं काय न्हाई वाटत," ती म्हणाली, "पन वाटायचं, आपल्या मानसांनीच टाकलं. म्हायारात घर न्हाई, मानूस न्हाई. तुमी येयाचे तेवढंच म्हायार हुतं. इथं मला गहिनीची बायकू म्हनत्यात, पोरांची आई म्हनत्यात. चांगे म्हनून हाक ऐकल्याला एकवीस वर्सं झाली."

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे पत्ते चुकले म्हणून लोकांना झापणारा माणूस मी. जीभ उचललीच नाही. मी एवढंच म्हणालो, "चांगुणाबाई, येंदा कावड हितं उतरेल का?" ती 'व्हय' म्हणाली, पण तोंडात पदर धरून, त्यामुळे ते मला डोळ्यांवरूनच कळलं.

आता सगळं माझ्या पायावर होतं. कावडीच्या म्होरक्याकडे, श्रीमंतकडेही कागदाची प्रत होती. लंकाबाईंकडे नाही म्हटल्यावर तो थांबणार नाही, माणसांच्या खांद्यावर कावड ठेवून सरळ मिरीची वाट धरेल, हे मी ओळखून होतो. तो माणूस शब्दाचा पक्का आणि डोक्याने दगड. मी काठी टेकत मागे निघालो. मैदानापाशी गाठ पडली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि कावड मिरीच्या रस्त्याला लागलेलीच होती.

मी म्हणालो, फाट्याने वळा, गहिनीनाथाकडे. श्रीमंत चालता चालताच म्हणाला, "रंगूभाऊ, त्या घराला सुतक हाय."

"न्हाई."

त्याने खांदा दुसऱ्याला दिला आणि खिशातून घडी काढून माझ्यापुढे धरली. "ह्ये अक्षर कोनाचं?"

चाळीस माणसं उभी राहिली. कावड खाली ठेवता येत नाही, म्हणून दोघं ती धरून तशीच झुलत होती आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "माझं. सुतक तेरा दिवसांचं हुतं, म्या खोडायचं इसारलो. चार साल त्या बाईला तुमी न्हाई, म्या टाकलंय." एवढं बोलून मला रडू आलं. चारचौघांत रडायचं माझं वय नव्हतं आणि स्वभावही नव्हता.

श्रीमंतने कागदाची घडी करून पुन्हा खिशात घातली. मग त्याने फाट्याकडे हात केला आणि कावड वळली.

त्या संध्याकाळचं जास्त सांगत नाही. कावड कडीला लागली, खाली परात आली, आणि पहिला थेंब टपकला तेव्हा गहिनीनाथ खडीच्या धुळीने भरलेले हात जोडून उभा राहिला. चांगुणाने वाढताना पूर्वीसारखंच विचारलं. हिरडा आहे का? पण या चार वर्षांत माणसं बदलली होती. तरणी पोरं होती, खोटं बोलायचं त्यांना सुचलं नाही. माहीत नाही, म्हणाली. ती पुढे काही विचारेना. कावड आली होती, पण तिचं माहेर अजून कुठे तरी वाटेतच होतं, हे मला कळत होतं.

सकाळी परातीत ओंजळभर पाणी जमलं होतं. ती प्यायली, ओला हात तोंडावरून फिरवला. मग मी निघताना तिने मला थांबवलं. रात्री माणसं बोलत होती ते तिने ऐकलं होतं. म्हणाली, कुठे लिहिलंय ते बघू. ती रागावेल म्हणून मी तयार होतो. कागद उघडून मी ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "येवढंच?"

मी कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. तिने ती मुठीत धरली, उलथनं धरतात तशी, आणि त्या चार शब्दांवरून अशी ओढली की कागद फाटला.

फाटलेल्या कागदाच्या भोकातून माझा अंगठा दिसत होता. ते बघून मला उरलेल्या चार प्रती आठवल्या. त्या चार कावडी आमच्या मागे एक-दोन दिवसांच्या अंतराने चालत होत्या, आणि प्रत्येकीच्या म्होरक्याच्या खिशात ते सुतक होतं. पाडवा परवावर आलेला. मी फाट्यावर थांबलो तर मढी चुकणार. चार वर्षांनी, वाकड्या पायाने, इथवर आलो होतो. मढीचा डोंगर तिथून एका दिवसाच्या वाटेवर होता. मी देवाशी थोडं भांडलो, हेही सांगून टाकतो. मग श्रीमंतला म्हणालो, माझा नमस्कार सांगा. त्याने कळशीचं फडकं पिळून दोन थेंब माझ्या डोक्यावर टाकले, जे रीतीत बसत नाही.

फाट्यावर एक निंब होता, पाला नसलेला. त्याच्या सावलीच्या काड्यांमध्ये मी दोन दिवस बसलो. कावड आली की उठायचं, म्होरक्याकडून कागद मागायचा, पेन्सिलीने ओळ खोडायची आणि का खोडली ते सगळ्यांसमोर सांगायचं. पहिल्या वेळी जीभ अडखळली, तिसऱ्या वेळी नाही. दोन कावडी वस्तीवर कडीला लागल्या, माणसं जेवली आणि पुढे गेली, तिसरी मुक्कामाला राहिली. दोन वेळा भाकरी घेऊन चांगुणा स्वतः यायची आणि भाकरी ठेवून रस्त्याकडे बघत बसायची. तिला मी घरी जा म्हणालो नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ऊन चढताना चौथी कावड आली. पाय ओढत, उशीर झालेली. त्यांना थांबायला वेळ नव्हता, रात्रभर चालूनही वेळेवर पोचले असते की नाही कोण जाणे. मी कागद मागितला, ओळ खोडली, सांगायचं ते सांगितलं. म्होरक्याने मान हलवली आणि म्हणाला, पुढच्या साली नक्की. माणसं चालू लागली. चांगुणा कडेला उभी राहून हात जोडत होती.

सगळ्यांच्या मागे एक म्हातारी चालत होती, दगडाबाई म्हणून, पहिल्यांदाच मढीला निघालेली. डोक्यावर गाठोडं, पायाला चिंध्या बांधलेल्या. ती चांगुणाच्या पुढून गेली, चार पावलांवर थांबली आणि वळली. कपाळावर हात धरून तिने निरखून पाहिलं.

"चांगे," ती म्हणाली, "तुज्या आयनं लावल्याला हिरडा बघ औंदा बी फुललाय. कवा येनार तू?"

चांगुणा रस्त्यातच खाली बसली, आणि म्हातारीने गाठोडं उतरवून तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. कावड पुढे निघून गेली तरी म्हातारी उठली नाही.

त्या साली आम्ही दोघं मढीला पोचलो नाही, दगडाबाई आणि मी. पाडव्याला आम्ही गहिनीनाथाच्या पडवीत, कडीखाली बसून होतो, आणि आत चूल पेटवत चांगुणा म्हातारीला एकेक घर विचारत होती. माझ्या पानात भाकरी वाढायला ती विसरली. मी मागितली नाही.